विद्यार्थी-संशोधनाच्या एथिक्स फायली : काय ठेवायचं, किती वर्षं आणि कुणाच्या ताब्यात?

दप्तरदार

एका विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांचा सहभाग असलेल्या संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचं, कार्यालयीन काम मी बघते. कमिटीपुढे येणारे बहुतेक अर्ज विद्यार्थ्यांचे असतात : पदव्युत्तर लघुप्रबंध, पीएचडी, अधूनमधून पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प. अर्ज कसा लिहावा, सहभागींसाठी माहितीपत्रक कसं असावं, संमती कशी घ्यावी यावर कार्यशाळा होतात. मंजुरीपत्र हातात पडल्यावर त्या कागदांचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. हा धागा त्यासाठी काढला आहे, कारण हे नीट झालं नाही तर आधीची सगळी तपासणी वाया जाते असं माझं ठाम मत आहे.

मी रुजू होण्याआधीच्या एका फायलीबद्दल सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका सहभागी व्यक्तीची तक्रार आली. मुलाखतीत स्वतःला इजा करून घेण्याबद्दल थेट प्रश्न विचारला गेला आणि त्याचा आपल्याला फार त्रास झाला, असं तिचं म्हणणं होतं. तिने एवढंच विचारलं होतं की हा प्रश्न तुमच्या कमिटीने मंजूर केला होता का. मंजुरीपत्रावर लिहिलं होतं ‘प्रश्नावली, आवृत्ती ३’. फायलीत होती आवृत्ती २. तिच्यात तो प्रश्न होता आणि समासात परीक्षकाचा शेरा होता : ‘काढावा, किंवा आधी समुपदेशनाची सोय दाखवावी.’ मग आवृत्ती ३ मध्ये नेमकं काय केलं? ती विद्यार्थिनीने गाईडना मेल केली होती आणि गाईडनी ती तेव्हाच्या एका सदस्याला पुढे पाठवली होती. विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली आणि तिचा विद्यापीठाचा ईमेल बंद झाला. गाईड निवृत्त झाले. सदस्याची मुदत संपली. परीक्षकाने आपलं काम चोख केलं होतं, कदाचित विद्यार्थिनीनेही केलं असेल. तरीही तक्रार करणाऱ्या व्यक्तीला देण्यासारखं उत्तर कार्यालयाकडे नव्हतं.

विद्यार्थी-संशोधनाची अडचण इथेच आहे. प्राध्यापक वर्षानुवर्षं त्याच संस्थेत असतात, विचारायला माणूस सापडतो. विद्यार्थी जातातच, जायलाच आलेले असतात. त्यामुळे ‘संशोधकाने कागदपत्रं सांभाळावीत’ हा नेहमीचा नियम त्यांच्या बाबतीत काही वर्षांतच निकामी होतो. नोंद संस्थेच्याच ताब्यात हवी.

आणखी एक घोळ सगळीकडे दिसतो. कमिटीच्या निर्णयाची नोंद म्हणजे अर्ज, सर्व आवृत्त्या, परीक्षकांचे शेरे, विद्यार्थ्याचं उत्तर, इतिवृत्त, मंजुरीपत्र, नंतरचे बदल, तक्रारी आणि समारोप अहवाल. सह्या केलेली संमतीपत्रं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, आणि सहभागींच्या नावांऐवजी वापरलेला कोणता सांकेतिक क्रमांक कुणाचा हे सांगणारी ओळखयादी ही संशोधनाची सामग्री झाली. पहिल्या गटात सहभागींची नावं सहसा नसतात, दुसऱ्यात असतात. दोन्हींचा धोका वेगळा, उपयोग वेगळा, म्हणून जतनाची मुदतही वेगळी असायला हवी. पण बऱ्याच धोरणांत दोन्हींसाठी मिळून एकच ओळ असते : ‘कागदपत्रे पाच वर्षे ठेवावीत.’ कधीपासून पाच, कुणी ठेवायची, पाच झाल्यावर काय करायचं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं.

तुमच्याकडे कसं करतात? आमच्या कमिटीसाठी मी कच्चा मसुदा करते आहे, त्यात भर घालायची आहे.

चौथा_मजला

मी गाईड आहे, अनेक वर्षं. मला वाटतं सगळं ठेवा आणि कायमचं ठेवा. हल्ली साठवणीला पैसे पडत नाहीत. कुठला कागद किती वर्षं, याची वर्गवारी करत बसायला कार्यालयात माणसं आहेत कुठे? तुमच्या प्रसंगातही सगळं ठेवलं असतं तर आवृत्ती ३ मिळाली असती.

जुनी_नस्ती

चौथा_मजला, आवृत्ती ३ मिळाली नाही कारण ती फायलीत कधी आलीच नव्हती. ‘कायम ठेवा’ म्हटल्याने जे जमाच झालं नाही ते सापडत नाही. उलट माझा अनुभव असा की सगळं कायम ठेवणाऱ्या कार्यालयांत काय आलं आणि काय यायचं राहिलं हे कुणी तपासत नाही.

मी अभिलेख व्यवस्थापनात काम करते. एक अर्ज उघडून बघा. विषय का निवडला या रकान्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं असतं, कधी घरातल्या हिंसेबद्दल. मुदतवाढीच्या विनंतीला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेलं असतं. परवानगी देणाऱ्या शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाचं नाव आणि फोन नंबर असतो. ही सगळी माहिती एका ठरावीक कामासाठी दिलेली आहे. युरोपच्या जीडीपीआरमध्ये, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, वर्षांचा आकडा कुठे नाही. उद्देशाला लागेल तेवढाच काळ ओळख पटेल अशा रूपात ठेवा, एवढंच म्हटलं आहे. संशोधन आणि अभिलेखागारासाठी सवलत आहे, पण ती सुरक्षेच्या अटींसह. तेव्हा ‘का ठेवलं’ याचं उत्तर तयार हवं आणि ‘जागा होती म्हणून’ हे उत्तर चालत नाही.

शिवाय जे ठेवलंय ते कधी ना कधी कुणीतरी मागू शकतं. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडच्या संघर्षात सामील असलेल्यांच्या मुलाखती गोपनीयतेच्या आश्वासनावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकेत त्यांसाठी समन्स निघाली आणि काही मुलाखती पोलिसांपर्यंत पोचल्या. तो विद्यार्थी-प्रकल्प नव्हता आणि ती संशोधनाची सामग्री होती, कमिटीची फाईल नव्हे. पण संमतीपत्रात आपण जे वचन देतो ते कोर्टापुढे किती टिकेल, हे समजायला ते प्रकरण प्रत्येक कमिटीने वाचायला हवं.

नियमपान

मुदतींचे आकडे एकत्र मांडतो, म्हणजे चर्चेला पाया मिळेल. अमेरिकेच्या कॉमन रूलप्रमाणे (माणसांवरच्या संशोधनाचे तिथले सरकारी नियम) कमिटीच्या नोंदी किमान ३ वर्षं, आणि प्रत्यक्ष पार पडलेल्या संशोधनाशी संबंधित नोंदी ते पूर्ण झाल्यापासून किमान ३ वर्षं. औषधचाचण्यांच्या आयसीएच-जीसीपी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या २०१६ च्या आवृत्तीतही कमिटीसाठी चाचणी संपल्यापासून किमान ३ वर्षं होती. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अभ्यास संपल्यापासून किमान ३, आणि औषध-नियामकाच्या कक्षेत येणाऱ्या चाचण्यांसाठी ५. युरोपीय संघाच्या ५३६/२०१४ नियमनात तर औषधचाचणीची मूळ फाईल २५ वर्षं ठेवायची आहे.

विद्यार्थ्यांबद्दल वेगळा विचार मला ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शिकेत दिसला. तिथे संशोधनाचा डेटा साधारणपणे प्रकाशनापासून ५ वर्षं ठेवायचा, पण केवळ मूल्यमापनासाठी केलेल्या छोट्या विद्यार्थी-प्रकल्पांना पूर्ण झाल्यावर १२ महिने पुरू शकतात. हा आकडा डेटासाठी आहे, कमिटीच्या निर्णयासाठी नाही. म्हणजे दप्तरदार यांनी केलेली विभागणी तिथे गृहीतच आहे.

हे बहुतेक आकडे ‘किमान’ आहेत. त्यापुढे किती, हे ज्याने त्याने ठरवायचं. बहुतेक विद्यापीठं तो किमान आकडा उचलून धोरणात टाकतात आणि विषय संपवतात. मला ते पटत नाही.

पीएचडी_सुरू

विद्यार्थ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

लघुप्रबंधावरचा लेख मी दोन वर्षांनी एका जर्नलला पाठवला. त्यांनी मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि पत्राची प्रत मागितली. माझा विद्यापीठाचा ईमेल तोवर बंद झाला होता. विभागातल्या एका सहृदय क्लार्कबाईंनी शोधून दिलं म्हणून निभावलं. त्यामुळे मुदत ठरवताना ‘पदवी मिळाली, काम संपलं’ असं कृपया धरू नका. लेख, पुढचा प्रवेश, नोकरीतली पडताळणी हे सगळं नंतर येतं.

दुसरी गोष्ट शेऱ्यांची. माझ्या अर्जावर एका परीक्षकाने ‘संशोधिकेला या विषयाची भावनिक तयारी नाही असे दिसते’ असं लिहिलं होतं. ते वाक्य माझ्या नावासह किती वर्षं राहणार आणि कोण वाचणार? ते वाचून मला झोप लागली नव्हती. आणि तो शेरा मी वाचायला हवाच होता, हेही तितकंच खरं आहे.

रानवाट

फक्त मंजूर झालेल्या अर्जांची फाईल ठेवणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. नाकारलेले, मागे घेतलेले आणि ‘परीक्षणाची गरज नाही’ म्हणून परत पाठवलेले अर्ज त्या टाकून देतात. ही फार मोठी चूक आहे.

२०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या एका एथिक्स कमिटीने फेसबुकचा डेटा वापरण्याचा एका संशोधकाचा अर्ज संमतीच्या मुद्द्यावर नाकारला होता. २०१८ मध्ये, त्याच संशोधकाने गोळा केलेल्या फेसबुक डेटाच्या गैरवापरावरून, केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण गाजलं तेव्हा माहिती अधिकाराच्या कायद्याखाली ती कागदपत्रं बाहेर आली. कमिटीने वेळीच धोका ओळखला होता, याचा पुरावा त्या नाकारलेल्या अर्जातच होता. ‘गरज नाही’ या निर्णयाचंही तसंच. २०१४ मध्ये फेसबुकवरच्या भावनांच्या प्रयोगाचा (लोकांना दिसणाऱ्या पोस्ट बदलून त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो ते बघणारा) लेख प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उठला, तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न होता की लेखात सहभागी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कमिटीने याचं परीक्षण केलं का. काम कंपनीने आपल्या अंतर्गत कारणासाठी केलेलं असल्यामुळे ते आपल्या कक्षेत येत नाही, असं कमिटीने ठरवलं होतं. असा निर्णय कारणासहित लिहिलेला असेल तर त्यावर निदान वाद तरी घालता येतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘परीक्षण नको’ हा निर्णय गाईड तोंडी देऊन टाकतात. त्याची एक ओळसुद्धा कुठे नसते.

कलम_खाली

३ वर्षं की ५, या वादात एक गोष्ट निसटते : प्रश्न उपस्थित व्हायलाच किती काळ लागतो. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा कुप्रसिद्ध लेख घ्या. तपासण्यांना स्थानिक एथिक्स कमिटीची मान्यता असल्याचं त्यात छापलं होतं. कमिटीपुढचा अर्ज १९९६ चा. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची सुनावणी २००७ मध्ये सुरू झाली, निष्कर्ष जानेवारी २०१० मध्ये आले. नेमका कोणता अभ्यास मंजूर झाला होता आणि मुलांवर प्रत्यक्षात काय केलं गेलं, हे ताडून पाहणं त्या सुनावणीचा मोठा भाग होता. फेब्रुवारी २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला, आणि मान्यतेचा दावा खोटा ठरल्याचं कारण त्यात स्पष्ट दिलं. अर्जापासून चौदा वर्षं! किमान मुदत संपताच ती फाईल फाडली असती तर?

हे टोकाचं उदाहरण आहे, विद्यार्थ्याचंही नाही. पण त्यावरून मी एवढं मागतो की मुलांचा सहभाग, शारीरिक हस्तक्षेप, फसवणुकीवर आधारलेले प्रयोग आणि तक्रार आलेले प्रकल्प यांना सरसकट मुदत लावू नका. अल्पवयीनांच्या बाबतीत अनेक देशांत दावा दाखल करायची मुदत ते सज्ञान झाल्यावर सुरू होते. आठ वर्षांच्या मुलाचा सहभाग असेल तर ५ वर्षांनी ते मूल तेरा वर्षांचं असतं.

दप्तरदार

कलम_खाली, हे मसुद्यात घेते. अर्ज आला त्याच दिवशी त्यावर जोखमीचा वर्ग लिहायचा आणि मुदत त्या वर्गाला जोडायची. नंतर कुणी वर्गवारी करत बसायला नको.

घड्याळ कधी सुरू करायचं, यावर माझं मत असं : अर्जाच्या किंवा मंजुरीच्या तारखेपासून अजिबात नको. पीएचडी सहा-सात वर्षं चालते. मंजुरीपासून ५ धरली तर प्रबंध जमा होण्याआधीच फाईल नष्ट करण्याच्या यादीत येईल. मुदत प्रकल्प बंद झाल्यापासून मोजायची. पण विद्यार्थी स्वतःहून ‘माझं झालं’ असं कळवत नाहीत. म्हणून समारोपाचा फॉर्म प्रबंध जमा करण्याच्या प्रक्रियेतच जोडायचा, ग्रंथालयाच्या ना-देय दाखल्यासारखा. फॉर्म नाही तर प्रबंध स्वीकारला जाणार नाही. त्यात डेटा आता कुठे आहे, संमतीपत्रं कुणाकडे दिली, ओळखयादी नष्ट केली का, आणि पुढची काही वर्षं चालेल असा वैयक्तिक ईमेल, एवढंच विचारायचं.

पीएचडी_सुरू, शेऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं मनात राहिलं. अर्जाबद्दलचे शेरे ठेवावेच लागतात, त्यांच्याशिवाय निर्णयाला अर्थ नाही. पण माणसाबद्दलचे शेरे लिहूच नयेत अशी सूचना परीक्षकांना आधीच द्यायला हवी. ‘भावनिक तयारी नाही’ याच्या जागी ‘मुलाखतीनंतर संशोधिकेला आधाराची काय सोय आहे ते लिहावे’ असं लिहिता आलं असतं. त्यातून तुम्हाला काय करायचं हे कळलं असतं आणि नोंदही स्वच्छ राहिली असती.

नियमपान

इतिवृत्ताबद्दल एक भर. त्यात काय हवं हे कॉमन रूल नेमकं सांगतो : उपस्थिती, निर्णय, बाजूने, विरुद्ध आणि तटस्थ मतं किती, बदल का सुचवले किंवा का नाकारलं याचं कारण, आणि वादाच्या मुद्द्यांवरच्या चर्चेचा गोषवारा. कोण सदस्य काय बोलला ते नाही. ‘अर्ज क्र. अमुक, मंजूर’ एवढ्याच ओळीचं इतिवृत्त वीस वर्षं जपलं तरी काही उपयोग नाही.

सर्व्हर_रूम

मी संगणक विभागातला. ईमेल म्हणजे अभिलेखागार नव्हे, हे आधी सगळ्यांनी मान्य करा. निर्णयाशी संबंधित काहीही मेलवर आलं तर त्याच दिवशी अर्जाच्या क्रमांकाखाली जमा झालं पाहिजे. फाईलच्या नावात अर्ज क्रमांक, कागदाचा प्रकार, आवृत्ती आणि तारीख हवी. मंजूर झालेली आवृत्ती कुलूपबंद हवी, म्हणजे नंतर कुणी तिच्यावरच बदल करू शकणार नाही. दीर्घकाळ ठेवायचे कागद पीडीएफ/ए या जतनासाठीच्या पीडीएफ स्वरूपात घ्या, त्यात फॉन्ट वगैरे फायलीतच असतात.

ऑनलाइन अर्जप्रणाली घेत असाल तर करारात आधी बाहेर पडायची वाट बघा. कंत्राट संपल्यावर सगळे अर्ज, शेरे, जोडपत्रं आणि कुणी कधी काय बदललं याचा इतिहास वाचता येईल अशा रूपात परत मिळणार का? बऱ्याचदा नुसते अर्ज मिळतात. शेरे आणि इतिहास जुन्या प्रणालीबरोबर जातात, आणि नेमकं तेच हवं असतं.

आणि नष्ट करणं म्हणजे नुसतं डिलीट नव्हे. बॅकअपमध्ये प्रत राहते. बॅकअप किती दिवसांनी पुसला जातो हे धोरणात लिहा.

जुनी_नस्ती

नष्ट करण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा भाग सगळे टाळतात. मुदत संपलेल्या अर्जांची यादी वर्षातून एकदा काढायची. ती कमिटीच्या अध्यक्षांकडे आणि अभिलेख विभागाकडे द्यायची. तक्रार, चौकशी, कोर्टाचं काम किंवा अपील चालू असेल तर तो अर्ज बाजूला काढायचा आणि ते संपेपर्यंत हात लावायचा नाही. बाकीच्यांवर सही, मग नाश, आणि नाश केल्याची नोंद : अर्ज क्रमांक, कशाचा नाश, कोणत्या नियमाखाली, कधी, कुणाच्या सहीने. ही नोंद कायम. नाहीतर पुढे कुणी विचारलं की हरवलं की नियमाने नष्ट केलं, हे सांगता येत नाही.

त्याचबरोबर एक सडपातळ नोंदवही कायम ठेवावी असं मी सुचवेन. अर्ज क्रमांक, शीर्षक, विद्यार्थ्याचं आणि गाईडचं नाव, विभाग, निर्णय, तारीख, मंजूर आवृत्त्यांचे क्रमांक, समारोपाची तारीख. पीएचडी_सुरू यांना दोन वर्षांनी जे लागलं ते बारा वर्षांनीही हिच्यातून देता येईल, आणि संवेदनशील काही हिच्यात नाही.

चौथा_मजला

‘सगळं ठेवा’ हा हट्ट मी सोडतो. नोंदवहीची कल्पना पटली. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच आहे. माझ्या खोलीतल्या कपाटात गेल्या कित्येक विद्यार्थ्यांची सह्या केलेली संमतीपत्रं आहेत. त्यांचं काय करू? काही गठ्ठ्यांवर विद्यार्थ्याचं नावसुद्धा नाही.

दप्तरदार

सर, बहुतेक विभागांत असं एक कपाट असतं. संमतीपत्रं त्या सहभागींच्या वतीने पुरावा आहेत. आपण कशाला हो म्हटलं आणि कशाला नाही, हे त्यांच्याकडे दाखवायला दुसरं काही नसतं. म्हणून डेटा जिवंत असेपर्यंत ती राहिली पाहिजेत, आणि डेटापासून वेगळी, कुलपात. ओळखयादी तिसऱ्या जागी. ध्वनिमुद्रणांशेजारी ओळखयादी ठेवली तर सांकेतिक क्रमांक देण्याला अर्थ राहत नाही.

आधी गठ्ठे प्रबंधांशी जुळवा. माहितीपत्रकावर शीर्षक असतं, त्यावरून बरेच लागतील. मग त्या माहितीपत्रकात किती वर्षं ठेवू असं सांगितलंय ते बघा. सहभागींना दिलेलं वचन धोरणाच्या आकड्यापेक्षा कमी मुदतीचं असेल तर गठ्ठे परस्पर नष्ट करू नका, कमिटीकडे लेखी विचारा. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलने मागे घेतलेल्या एका लेखाच्या बाबतीत, कच्चा डेटा मागितल्यावर संशोधक विद्यार्थ्याने सांगितलं की संस्थेच्या नियमांप्रमाणे तो नष्ट केला. असा दावा खरा की खोटा, हे कमिटीने कोणती अट घातली होती ते लिहिलेलं असेल तरच ठरतं. प्रामाणिक विद्यार्थ्यालाही उद्या त्याच कागदाचा आधार लागेल.

जे गठ्ठे कशालाच जुळत नाहीत त्यांची यादी करून कमिटीकडे द्या. निर्णय आम्ही घेऊ. एकट्याने श्रेडरला लावू नका.

पीएचडी_सुरू

शेवटचं एक विचारते. माझ्या बॅचमधल्या एकीने निम्म्या मुलाखती झाल्यावर पीएचडी सोडली. प्रबंध जमा होणारच नाही, म्हणजे समारोपाचा फॉर्मही नाही. तिचं घड्याळ कधी सुरू होणार?

दप्तरदार

हे मसुद्यात नव्हतं, आता घातलं. मंजुरी ठरावीक काळापुरती असते. ती संपून नूतनीकरणाचा अर्ज आला नाही, किंवा नोंदणी रद्द झाल्याचं विभागाने कळवलं, की कमिटीने स्वतः ‘अपूर्ण, बंद’ असा शेरा घालून फाईल बंद करायची. मुदत त्या तारखेपासून.

निर्णयाची नोंद त्यामुळे सुटते, पण मुलाखतींचा प्रश्न त्याहून अवघड आहे. संमतीपत्रात ‘माहिती प्रबंधासाठी वापरली जाईल’ असं असेल आणि प्रबंधच होणार नसेल, तर ती ठेवण्याचं कारणच उरत नाही. गाईडने ती दुसऱ्या विद्यार्थ्याला देणं तर मुळीच योग्य नाही, त्यासाठी नव्याने संमती लागेल. फाईल बंद करताना गाईडकडून लेखी घ्यायचं : ध्वनिमुद्रणं कुठे आहेत, सहभागींना कळवलं का, आणि नष्ट कधी करणार. तुमच्या मैत्रिणीच्या गाईडना विचारून बघा, आणि त्यांच्याकडे उत्तर नसेल तर त्यांना कमिटीच्या कार्यालयात पाठवा.